आधी पुनर्वसन, मग मांजर

मांजर घरात आणणं आणि मांजर घरात राहणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती दोन वेगळ्या खात्यांकडे येतात. पहिलं काम भूसंपादनवाल्यांचं. एक पिशवी, मूठभर सुकट आणि दोन धीट माणसं असली की अर्ध्या तासात उरकतं. दुसरं काम पुनर्वसनवाल्यांचं. ते उरकत नाही, ते चालू असतं.

हे मी अधिकारवाणीनं सांगू शकतो, कारण माझी उभी नोकरी एका जिल्ह्याच्या पुनर्वसन शाखेत गेली. अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. ज्यांची गावं धरणाच्या पाण्याखाली गेली त्यांची संकलन रजिस्टरं लिहिली, निर्वाह भत्त्याची बिलं काढली, आणि 'आपला अर्ज विचाराधीन आहे' हे वाक्य इतक्या वेळा लिहिलं की अजूनही कुणी काही मागितलं की पेन शोधायला हात खिशाकडे जातो. कचेरीच्या फाटकाबाहेर मोर्चे यायचे. 'आधी पुनर्वसन, मग धरण!' ही महाराष्ट्रातल्या धरणग्रस्तांची घोषणा मी खिडकीच्या आतल्या बाजूनं साहेबांपेक्षा जास्त वेळा ऐकली आहे, कारण मोर्चाच्या दिवशी साहेब दौऱ्यावर असायचे. १९७६ साली राज्यानं पुनर्वसनाचा कायदा केला, १९८६ साली पुन्हा केला, १९९९ साली आणखी एकदा केला. घोषणा मात्र जुनीच पुरली. असा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाच्या घरी पार्किंगमधलं मांजर येतं तेव्हा घरचे त्याला 'मांजर पाळणं' म्हणतात. मी फाईल उघडतो.

सदर मांजर मादी, वय अंदाजे दीड वर्ष, रंग तिरंगी. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. काळा की तांबडा हे ठरवणारा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो, आणि दोन्ही रंग एका अंगावर यायचे तर दोन एक्स लागतात. त्यामुळे तो रकाना भरताना पेन अडलं नाही. एका कानाचं टोक सरळ कापलेलं होतं. भटक्या मांजराची नसबंदी झाली की पुन्हा धरून नेऊ नये म्हणून तशी खूण करतात. म्हणजे 'वाढीव कुटुंब' हा आमच्या शाखेला पिढ्यानपिढ्या पुरलेला प्रश्न इथे आधीच निकाली निघालेला होता. नाव मनी. मांजराचं नाव ठेवताना डोकं चालवायची महाराष्ट्रात पद्धत नाही.

संपादनाचं कारण पावसाळा. पाऊस लागला की मनी कुणाच्याही गाडीच्या बॉनेटखाली शिरून इंजिनाच्या उबेला बसायची. एका सकाळी कुणीतरी गाडी सुरू करता करता राहिलं. सुनेनं ते पाहिलं आणि संध्याकाळी चहाच्या वेळी जाहीर केलं, "बाबा, मनी आता वर राहणार." कलम ४ ची नोटीस नाही, हरकती-सूचनांना मुदत नाही. थेट ताबा.

शहरातल्या माणसाचा समज असतो की रस्त्यावरचं मांजर म्हणजे बेघर, निराधार, आपण उचललं म्हणून वाचलं. धरणग्रस्तांबद्दलही तो असंच बोलतो: काय होतं हो त्यांचं त्या डोंगरात? म्हणून मी वही घेऊन खाली गेलो आणि रीतसर पंचनामा केला. पंच म्हणून वॉचमन हजर. मनीची मिळकत अशी निघाली. मीटरच्या खोलीचं छप्पर, कोवळ्या उन्हासह. बी विंगमधल्या एका स्कूटरची सीट, फाटलेल्या बाजूनं. कंपाउंडची भिंत, पूर्ण लांबी, वहिवाटीचा हक्क. मागच्या अंगणातला वाळूचा ढीग, शौचासाठी. ही वाळू सोसायटीनं डागडुजीसाठी आणलेली होती आणि डागडुजी विचाराधीन होती. उंदीर, टोळ, पाली, हंगामाप्रमाणे. कोळीण यायची त्या दिवशी तिच्या पाटीशेजारी बसायचा मान, अधिक डोकी आणि कल्ले. तळमजल्यावरच्या आजींकडून पोळीचा तुकडा, तोही तुपाचा. शिवाय शेजारच्या सोसायटीतल्या बोक्याशी हद्दीचा वाद, प्रलंबित.

हे सगळं सोडून तिनं यायचं कुठे, तर साडेसातशे चौरस फुटांत. तेही बिल्टअप. कार्पेट मोजलं तर मांजराला शेपूट बाहेर ठेवावी लागेल.

एकदा मिळकतीची यादी झाली की पुनर्वसनाचा प्रश्न सोपा असतो: जे बुडालं त्याच्या बदल्यात काय देणार? उंची गेली, उंची द्या. शिकार गेली, शिकार द्या. लपायची जागा गेली, ती तर सगळ्यात आधी द्या. मांजर घरात 'रुळत नाही' म्हणून जे लोक तक्रार करतात त्यांनी बहुधा नुसती भरपाई वाटलेली असते: एक गुलाबी गादी, एक घुंगराचा पट्टा, आणि समाजमाध्यमांवर फोटो. आमच्याकडेही लोकांना असं वाटायचं की चेक दिला की माणूस उठून चालायला लागतो.

प्राथमिक तपासणीसाठी पशुवैद्याकडे नेलं. जंताचं औषध, पिसवांसाठी मानेवर सोडायचे थेंब, रेबीजची लस आणि मांजरांची तिहेरी लस, असा कार्यक्रम ठरला. डॉक्टरांनी एक तोंडी परिपत्रकही काढलं. कांदा-लसूण घातलेलं काही द्यायचं नाही. घरात लिलीची फुलं ठेवायची नाहीत, त्यांच्या नुसत्या परागांनीही मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. आणि कितीही कणकण वाटली तरी पॅरासिटामॉलचा तुकडासुद्धा नाही, मांजराच्या यकृताला ते पचवताच येत नाही. बायकोनं हे सगळं फ्रिजवर चिकटवलं. माझ्या पथ्याचा कागद तिनं त्यासाठी काढला.

मांजराला एकदम सगळं घर द्यायचं नसतं. एक खोली द्यायची. मांजर जागा ओळखतं ती वासानं. गालाजवळच्या ग्रंथी दारं-कोपऱ्यांवर घासून ते आपला शिक्का मारत जातं, आणि जिथे शिक्का नाही तिथे त्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही. चार खोल्या एका वेळी दिल्या तर ते चारही खोल्यांत घाबरतं. म्हणून आधी संक्रमण शिबिर. मुंबईत संक्रमण शिबिरात लोकांच्या पिढ्या जातात, त्या मानानं मांजराचा मुक्काम थोडा. आमच्या मागच्या खोलीत दिवाण, दिवाणाखाली जुनी ट्रंक, ट्रंकेमागे अंधार. मनी पिशवीतून निघाली आणि त्या अंधारात गुप्त झाली.

मी खाली जाऊन वॉचमनच्या केबिनमागचं एक पोतं आणलं. मनी त्यावर झोपायची. गाव सोडताना धरणग्रस्त बायका चुलीतली राख नाही तर अंगणातली मूठभर माती पदरात बांधून नेतात, हे मी पाहिलेलं आहे. पोत्याला पावसाचा, तेलाचा आणि मांजराचा असा तीनपदरी वास होता.

"हे माझ्या घरात येणार नाही," बायको म्हणाली.

"ती येते ना, मग हेही येतंय," आई म्हणाली.

आईचं माहेर रत्नागिरीकडचं. तिथे मांजर पाळत नसत, ते असे. नारळ, फणस, आजोबा यांच्यासारखं तेही घराबरोबर यायचं. मांजरासाठी खोली, मांजरासाठी डॉक्टर हे सगळं आईला नवीन होतं. पण ओळखीचा वास असल्याशिवाय गोठ्यातलं जनावर दावणीला टिकत नाही, हे तिला कुठल्या पशुवैद्यानं सांगायला नको होतं. पोतं दिवाणाखाली गेलं.

पुढचे काही दिवस रात्री वाटी रिकामी आणि सकाळी लाभार्थी गैरहजर, असा प्रकार चालला. मला यात खटकावं असं काही दिसेना. खात्यात हे उलट असायचं: लाभार्थी हजर, वाटी रिकामी.

घरच्यांना मात्र धीर नव्हता. येता-जाता जो तो दिवाणाखाली वाकून, मोबाइलचा दिवा पाडून, "मनी, ए मनीऽऽ" करायचा. मांजराच्या जगात डोळ्यांत डोळे घालून टक लावणं म्हणजे भांडण काढणं. ते शिकार करतं हे आपल्याला माहीत असतं, पण ते स्वतःही कुत्र्यांची, कोल्ह्यांची शिकार होऊ शकतं हे त्याला माहीत असतं. अनोळखी प्रचंड प्राणी, हातात उजेड, वर तोंडानं आवाज. ट्रंकेमागून बाहेर कोण येईल? मी दिवाणासमोर पाठ करून खाली बसायला सुरुवात केली आणि मोठ्यानं पेपर वाचायला लागलो. अग्रलेखांवर तिनं काही हालचाल दाखवली नाही, ते साहजिकच होतं. राजकारणावरही नाही. बाजारभाव सुरू केले. मेथी, शेपू, कोथिंबीर, गावठी लसूण. जुडीचे भाव चालू असताना पेपराच्या खालच्या कडेला काहीतरी लागलं. मी मान न वळवता पाहिलं. दिवाणाच्या झालरीखालून एक पंजा बाहेर आला होता. पांढरा, तळवा काळपट गुलाबी, मधल्या बोटाचं नख थोडं बाहेर. त्या नखानं तिनं पेपरची कड पकडली, ओढली, एक बारीक पट्टी टर्रकन फाडली आणि पंजासकट आत नेली. नंतर बघितलं तर वांग्यांचे भाव गेले होते.

अर्जदारानं स्वतः केलेली ही पहिली हालचाल. तिची मी नोंद घेतली.

डोळ्यांची एक युक्ती सुनेनं सांगितली. मांजराकडे बघायचं, डोळे सावकाश अर्धवट मिटायचे, जरा थांबायचं, सावकाश उघडायचे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली हे तपासून पाहिलं: असं केलं तर मांजरंही तसेच डोळे मिटून उत्तर देतात, आणि असं करणाऱ्या अनोळखी माणसाकडे जास्त खुशीनं जातात. घरात हे कुणालाच नीट जमेना. मुलगा डोळे मिटायचा तर त्याला झोप लागायची. बायकोचं बघून मांजर दचकायचं. मला मात्र पहिल्या झटक्यात जमलं. डोळेझाक करण्याचा माझ्याइतका अनुभव त्या घरात दुसऱ्या कुणाला असणार?

आता नागरी सुविधा. पुनर्वसित गावठाणात काय काय द्यायचं याची सरकारची यादीच असते: पिण्याचं पाणी, रस्ते, शाळा, शौचालयं, स्मशानभूमी, एसटीचा थांबा. गावकरी तिथे राहायला जातात तेव्हा बहुधा स्मशानभूमी तयार असते आणि पाणी यायचं असतं. मी ठरवलं, निदान हा क्रम तरी आपण पाळायचा नाही.

पाण्याची वाटी खाण्याजवळ ठेवायची नाही. अनेक मांजरांना जेवणाशेजारचं पाणी पसंत नसतं. शिवाय मांजराला पाण्याची फारशी आठवणही होत नाही, त्याचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. पश्चिम आशियातल्या रानमांजरांनी सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी, माणसानं धान्य साठवायला लागल्यावर, उंदरांच्या मागे मागे वस्तीत पाय ठेवला. म्हणजे 'मांजर माणसाळलं' असं आपण म्हणत असलो तरी मूळ अर्ज त्यांचाच होता आणि तो गोदामासाठी होता. आम्ही घरात तीन ठिकाणी वाट्या मांडल्या. मनी आईच्या तांब्यातलं प्यायला लागली.

शौचालयाचा प्रश्न नाजूक. मांजराला माती उकरून झाकायची उपजत सवय असते, त्यामुळे 'शिकवावं' फार लागत नाही. जागा शांत हवी, खाण्यापासून दूर हवी आणि स्वच्छ हवी, एवढंच. ट्रेमध्ये घालायची ती माती म्हणजे बेंटोनाइट. गुजरातेत कच्छमध्ये त्याचे मोठे साठे आहेत. ओल लागली की त्याचा गोळा बनतो आणि तो तेवढा उचलून टाकता येतो. सुनेनं दहा किलोची पिशवी मागवली. आईनं पावती हातात घेऊन दूर धरली, मग जवळ धरली.

"मातीला पैसे?"

"आजी, खास माती असते ती. कच्छहून येते."

"मांजर कुठलं?"

"खालचं."

"मग त्याला खालची माती घाला की."

आणि गंमत म्हणजे आईच बरोबर होती. रस्त्यावरच्या मांजराला ती गुळगुळीत राखाडी रवाळ माती ओळखू येत नाही. आधी त्याची सवयीची वाळू ट्रेमध्ये घालायची, मग रोज थोडी थोडी नवी मिसळत जायची. सोसायटीच्या ढिगातून मी घमेलंभर वाळू वर आणली. जिन्यात सेक्रेटरी भेटले. "डागडुजी सुरू केलीत की काय?" त्यांनी आशेनं विचारलं. मी म्हटलं, प्राथमिक स्वरूपाची.

उंचीचं काम कपाटानं केलं. कपाटावरच्या दोन बॅगा आणि लग्नात आलेला, कधीही न उघडलेला डिनर सेट हटवला, जुनी सतरंजी टाकली, चढायला शेजारी स्टूल ठेवलं. मांजराला जमिनीवर किती चौरस फूट मिळाले यापेक्षा वरून किती दिसतं याचं महत्त्व जास्त. मीटरच्या खोलीच्या छपराचा मोबदला म्हणून कपाटाचा माथा तिनं स्वीकारला. खिडक्यांना मात्र आधी जाळी ठोकून घेतली. मांजर कुठूनही पडलं तरी चार पायांवर उतरतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. न्यू यॉर्कच्या पशुवैद्यांनी उंच इमारतींतून पडलेल्या १३२ मांजरांची हकिकत १९८७ साली प्रसिद्ध केली. त्यातली बहुतेक वाचली हे खरं, पण छातीला मार, तुटलेले दात, फाटलेले टाळू अशा जखमांसकट. चार पायांवर उतरतं, पण हनुवटीही टेकतं. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.

नखांसाठी सोफा आयताच होता आणि मनीनं तो पाहून ठेवला होता. नख घासणं हा खोडसाळपणा नव्हे. जुनं टरफल निघतं, अंग ताणलं जातं आणि पंजांचा वास लागून जागा आपली होते. म्हणजे सोफ्याला तितकाच खडबडीत, उभा आणि न हलणारा पर्याय द्यायला हवा. आईनं ट्रंकेतून काथ्याची दोरी काढली. कोकणातून येताना लागेल म्हणून आणलेली आणि तेव्हापासून लागायची राहिलेली. ती आम्ही जुन्या टेबलाच्या पायाला घट्ट गुंडाळली. मनीनं काथ्याचा वास घेतला, दोन हात वर करून ताणली आणि असा आवाज काढला की बायकोनं धावत येऊन आधी सोफा तपासला.

रोजगाराचा प्रश्न उरला. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. मनीला शंभर टक्के हवं होतं आणि तेही पहाटे. मांजर ना दिवसाचं ना रात्रीचं. उजाडताना आणि दिवेलागणीला, जेव्हा उंदीर निघतात तेव्हा, ते कामावर असतं. पार्किंगमध्ये या वेळी तिची गस्त असायची. घरात उंदीर नाहीत, गस्त शिल्लक. मग पहाटे ती पांघरुणाखाली हलणाऱ्या माझ्या अंगठ्याला गुन्हेगार ठरवायची. यावर उपाय म्हणजे काम देणं. झोपायच्या आधी काठीला बांधलेली चिंधी जमिनीवरून सरपटवायची. तिनं दबा धरायचा, झडप घालायची, पकडायची. शेवटी चिंधी तिच्या तोंडात गेलीच पाहिजे, नाहीतर दिवसभर राबून मजुरी न मिळाल्यासारखं होतं. मग लगेच जेवण. शिकार, भोजन, अंग चाटणं, झोप, हा मांजराचा ठरलेला क्रम आहे. तो रात्री दहाला पूर्ण झाला की पहाटेचा अंगठा वाचतो. चिंधी ओढायचं काम माझ्याकडे आलं. निवृत्तीनंतरची ही एकच नोकरी, की जिथे माझ्यामागे कुणीतरी खरोखर धावतं.

करमणुकीसाठी खोकली सापडली. पावसाळ्यात कुंड्यांच्या कडेला, गटाराशेजारी उगवणारी, कुणी लक्ष न देणारी ही तणासारखी वनस्पती. तिच्या मुळाला असा काही वास असतो की मांजर त्यावर गाल घासतं, लोळतं, चार पाय आकाशाकडे करतं. परदेशी मांजरांसाठी महागड्या डब्यांतून असली एक पाल्याची पूड विकत मिळते. आमच्याकडे ती सोसायटीचा माळी उपटून फेकतो. मनीनं त्या मुळाबरोबर एक संध्याकाळ घालवली आणि नंतर बराच वेळ भिंतीकडे कौतुकानं बघत बसली. समाजमंदिराच्या उद्घाटनानंतर पाहुणे मंडळी अशीच बसायची.

अन्नपुरवठ्यात दोन अडचणी आल्या. एक दुधाची. मांजर म्हणजे दूध, हे आपल्या म्हणींनी इतकं पक्कं केलंय की वशिला लागत नाही. वास्तविक पिल्लूपण संपलं की बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं हे खरं असेल, पण पुढचं डोळे उघडे ठेवून आपल्याला निस्तरावं लागतं. पाहुण्यांनी पेढा पुढे केला तर तोही वाया, कारण मांजराला गोड चवच कळत नाही. ती चव ओळखणारा जनुक त्यांच्यात बंद पडलेला आहे, हे २००५ साली सिद्ध झालं. त्यांना लागतं मांसच. टॉरिन नावाचा घटक त्यांना अन्नातूनच मिळावा लागतो, नाही तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. पोळी-वरणावर त्यांचं भागत नाही.

आणि इथे दुसरी अडचण, श्रावण. आमच्याकडे श्रावणात सामिष काहीही शिजत नाही. मनीची वाटी घरात कशी चालणार, यावर कुटुंबाची सभा भरली. बायको म्हणाली, महिनाभर कोरडं खाणं द्या, त्याच्या पाकिटावर नुसते दाणे दिसतात, वाचायचं कशाला? मुलगा म्हणाला, बाल्कनी घरात धरायची का? शेवटी सगळे आईकडे वळले. आईनं जपमाळ थांबवली. "सटवाईचं वाहन आहे ते. वाहनाला कुठला आलाय श्रावण?" म्हणाली. निवाडा झाला. मनीनं त्या महिन्यात बांगडा खाल्ला आणि आम्ही सगळे दुरून वास घेत उपास करत राहिलो. तेवढ्या काळात तिच्या सेवेला घरातला प्रत्येक जण आपणहून पुढे यायचा.

मागच्या खोलीचं दार उघडल्यावर आवाजांची ओळख सुरू झाली. माणसाच्या कानाला वीस हजार हर्ट्झच्या पुढचं ऐकू येत नाही. मांजर त्याच्या तिप्पट वरचं ऐकतं, उंदरांची कुजबूज ऐकण्यासाठी. त्या कानांना आपण मिक्सर, बेल आणि प्रेशर कुकर देतो. कुकरच्या पहिल्या शिटीला मनी ट्रंकेमागे, दुसरीला ट्रंकेत. पण कुकर उघडला की कधीकधी त्यातून चिकन निघतं हे लक्षात आल्यावर तिसऱ्या शिटीला ती ओट्याशेजारी हजर राहायला लागली. आरतीच्या झांजांशी मात्र तिचं जमलं नाही. गणपतीत ती दीड दिवस कपाटावर राहिली आणि प्रसादालाही खाली आली नाही. मोदक गोड, म्हणून असेल.

दिवेलागणीला ती दाराशी बसून रडायची. हा टप्पा सगळ्यांकडे येतो आणि इथेच बरेच प्रकल्प बारगळतात. शेजारी विचारतात, "सोडत का नाही तिला? कोंडून काय ठेवलंय?" एकदा दार उघडलं की तिला कळतं, अर्ज जोरात केला की मंजूर होतो. खात्याला हे कळायला काही दशकं लागली, मांजराला एक संध्याकाळ पुरते. तिला नुसतं बाहेर जायचं नसतं, तिची गस्तीची वेळ झालेली असते. त्या वेळी तिला खिडकीत बसवून चिंधी काढली की रडणं थांबतं. नेमका त्याच वेळी शेजारच्या सोसायटीतला बोका खालच्या भिंतीवर येऊन तिच्या जुन्या हद्दीवर उभा राहायचा आणि वर बघून गायचा. ती जाळीमागून शेपूट फुगवून प्रत्युत्तर द्यायची. सीमाप्रश्न वर्षानुवर्षं घरात बसूनही तापता ठेवता येतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

नावाचंही सांगून टाकतो. मांजराला स्वतःचं नाव ओळखता येतं, हे जपानी संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिलं. मनीलाही येतं. हाक मारली की एक कान माझ्याकडे वळतो आणि पुन्हा जागेवर जातो. पत्र पोचलं, आवक नोंद झाली, कार्यवाही नाही. इतकी वर्षं टेबलाच्या या बाजूला बसून लोकांना मी जे दिलं ते मला टेबलाच्या त्या बाजूला बसून मिळतंय.

परवा तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले आले. त्यांच्या गॅलरीत एक पांढरं मांजर येऊन बसतं, त्यांना ते आत घ्यायचंय. मी त्यांना क्रम सांगितला. आधी जाळी, मग एक खोली, जुनं पोतं, वाळू, पाणी, उंची, चिंधी. मांजर सगळ्यात शेवटी. त्यांनी बँकेच्या डायरीत सगळं लिहून घेतलं.

"किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं.

"प्रक्रिया सुरू राहते," मी म्हटलं.

"पण ते रुळलं हे कळणार कसं?"

मला बरं वाटलं, कारण हा प्रश्न आमच्या शाखेत कधी कुणी विचारला नव्हता. तिथे आम्हीच वर कळवायचो: पुनर्वसन पूर्ण. गावात पाणी आलं की नाही हे पाहायला कुणी जायचं नाही. अहवाल गेला की पूर्ण. मांजर हा अधिकार खात्याकडे ठेवत नाही. ट्रेचा वापर, रिकामी वाटी, कपाटावरची झोप यातलं काहीही तुम्ही पुरावा म्हणून जोडलंत तरी ते मानत नाही. एके दुपारी, घरात पाहुणे असताना, हॉलच्या बरोबर मध्यभागी, येण्या-जाण्याच्या वाटेवर ते पोट वर करून झोपतं. पोट ही मांजराची सगळ्यात कच्ची बाजू. ती उघडी टाकून ते झोपलं की दाखला मिळाला. दाखला तेच देतं आणि त्यावर सहीही त्याचीच.

बँकवाल्यांना हे पटलं. पण उठता उठता त्यांच्यातला कर्जविभाग जागा झाला.

"एक सांगा. या सगळ्यात घर कुणाचं राहतं?"

"सातबारा पाहिलाय ना कधी?" मी म्हटलं. "नमुना सात मालकीचा, तो तुमच्याच नावावर राहतो. नमुना बारा पीकपाण्याचा. जमिनीत प्रत्यक्ष काय चाललंय ते त्यात लिहितात. तो तुम्ही वाचू नका."